शाईपेनानं मराठी लिहायचं तर कुठली निब? (शाई आणि कागदाबद्दलही बोला)

दौतवाला

मंडळी, गेली चार-पाच वर्षं मला शाईपेनांचा नाद लागलाय. सध्या घरात सतरा पेनं आणि अकरा दौती आहेत. बायकोनं मोजल्यात, मी नाही. आता हा धागा कशासाठी, तर पेनांचे जेवढे म्हणून व्हिडिओ आणि रिव्ह्यू बघितले ते सगळे इंग्रजी लिहिणाऱ्यांचे. 'तो चपळ कोल्हा त्या आळशी कुत्र्यावरनं उडी मारतो' हे त्यांचं पेन तपासायचं ठरलेलं इंग्रजी वाक्य, निब कशी गुळगुळीत चालते, शाई कशी चमकते, वा वा. ते ऐकून मी पहिलं बरं पेन घेतलं लॅमी सफारी, मीडियम निबचं. इंग्रजीत सही केली तर झकास, आणि मराठी लिहायला बसलो तर 'उद्ध्वस्त' हा शब्दच उद्ध्वस्त झाला, ज्ञ चं पोट भरून गेलं, ष आणि प मधला फरक वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा. मी आठ एमएम अंतराच्या साध्या फुलस्केपवर लिहितो. त्यात वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे मधल्या अक्षराला जागा उरते किती?

मग पायलटचं एक स्वस्तातलं फाइन घेतलं. जपानी फाइन युरोपियन फाइनपेक्षा साधारण एक नंबर बारीक असते, कारण त्यांनाही एवढ्याशा चौकटीत पंधरा-वीस रेघांचं कांजी अक्षर बसवायचं असतं. आपल्या जोडाक्षरांचं दुखणं त्यांना आधीच माहीत! तेव्हापासनं माझं मत असं झालंय की मराठीला जपानी फाइन किंवा युरोपियन एक्स्ट्रा फाइन, त्यापेक्षा जाड नको. तुमचा अनुभव सांगा. आणि दुसरा प्रश्न म्हणजे शिरोरेघ. शब्द लिहून झाल्यावर वरनं रेघ मारतो तेव्हा हाताची कड खालच्या ओल्या उकारांवर टेकते आणि 'कुसुम' ची 'कसम' होते. यावर काही उपाय?

टीपकागद

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर.

नाशिकचा_नाना

सतरा पेनं?? आणि लिहिता काय रोज? वाण्याची यादी?

दौतवाला

नाना, हो, वाण्याची यादीसुद्धा. शिवाय दासबोधाची एक ओवी रोज, आणि ऑफिसच्या मीटिंगच्या नोट्स ज्या कोणी कधी वाचत नाही.

निवृत्त_कारकून

धागा आवडला. मी चौऱ्याहत्तरीचा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमच्या शाळेत बाकाला दौत बसवायला भोक असायचं. टाक बुडवायचा, काठाला निथळायचा आणि लिहायचं. शाई घरी करायची, पुडीतली पूड किंवा गोळी पाण्यात विरघळवून. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो याच पुड्या-गोळ्यांवर, घोडा छाप. उंट नंतर आला, फाउंटन पेनाच्या तयार शाईवर, आणि त्या उंटाचंच पुढं कॅमलिन झालं. आता त्यात जपानी कोकुयो कंपनी आहे, पण दौतीवर उंट पाहिला की मला अजून शाळेचा वास येतो.

शिरोरेघेचं म्हणाल तर आमचे मास्तर शब्द झाला की लगेच रेघ मारू देत नसत. ओळ पुरी करा, मग पहिल्या शब्दापासून रेघा मारत या. तोवर सुरुवातीची शाई वाळलेली असते. आणि घाई असेल तर खडू! खडूचा तुकडा ओल्या अक्षरावर टेकवला की शाई पिऊन टाकतो. कंपासपेटीत निळा झालेला एक खडू कायम असे.

बोरूबहाद्दर

काका, खडू!! निळे खडू आमच्याकडेही होते, आणि फळ्याजवळचे पांढरे खडू चोरल्याबद्दल मार पण खाल्लाय.

आता धागाकर्त्याशी थोडं भांडतो. मीडियम निब मराठीला नको हे मला पटत नाही, कारण आपली लिपी जाड-बारीक रेघेचीच लिपी आहे हो. तिची घडण झाली बोरूनं. बोरूचं टोक तासून तिरकं कापायचं, आणि गंमत म्हणजे देवनागरीसाठीचा काप इंग्रजी कॅलिग्राफीच्या बरोब्बर उलट्या बाजूला तिरका असतो. म्हणून बाहेरचा कॅलिग्राफी सेट आणून मराठी लिहिलं की अक्षर कुठंतरी चुकल्यासारखं दिसतं, जाडी नको तिथं येते. मी दोन वर्षं स्वतःच्या हाताला दोष देत बसलो होतो.

मी स्टब निब वापरून बघितली. स्टबमध्ये उभी रेघ जाड, आडवी बारीक. म्हणजे काना ठसठशीत आणि शिरोरेघ केसासारखी. वाईट दिसत नाही पण अक्षरं लटकल्यासारखी न वाटता उभी केल्यासारखी वाटतात. मग एका निब घासून देणाऱ्याकडनं आर्किटेक्ट ग्राइंड करून घेतली, तिचं उलटं, आडवी जाड आणि उभी बारीक. आणि काय सांगू, शिरोरेघ अशी भक्कम येते की खालची अक्षरं वळचणीला कंदील टांगल्यासारखी दिसतात. फक्त अक्षर मोठं काढायला लागतं, आठ एमएमच्या फुलस्केपात नाही बसत. तुमचा खरा प्रॉब्लेम निब नाहीये, रेघांमधलं अंतर आहे. दहा एमएमची वही घ्या किंवा सरळ कोरा कागद.

दौतवाला

दहा एमएमची वही मिळते कुठं? पहिली-दुसरीच्या पोरांच्या दुरेघी वह्या आहेत, त्या घेऊन मीटिंगला गेलो तर एचआर बोलावून घेईल.

मोडी_वाचक

शिरोरेघेवरनं आठवलं. मोडीत हा प्रश्नच नाही. तिथं आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग त्या रेघेला अक्षरं लावत जायची, हात शक्यतो न उचलता. ओल्या अक्षरावरनं रेघ ओढायची वेळच येत नाही. मी आता देवनागरी पण तशीच लिहितो, पेन्सिलीनं नाही, शाईनंच आधी रेघ, दोन मिनिटं थांबायचं, मग लिहायचं. सुरुवातीला शब्दांमधे जागा सोडायचा गोंधळ होतो. आठवड्यात सवय होते.

शाईबद्दल एक सांगतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले कागद बघितलेत, अडीचशे वर्षांपूर्वीची अक्षरं आजही काळी कुळकुळीत. ती काजळाची शाई, काजळ आणि डिंक खलून केलेली. कार्बनला ऊन काही करू शकत नाही. आणि आपली रॉयल ब्लू? मी एक पान दक्षिणेच्या खिडकीत लावून ठेवलं होतं, मार्चमध्ये लावलं आणि मे संपेपर्यंत अर्धं गायब. धुता येणारी शाई म्हणजे उडून जाणारी शाई हे डोक्यात ठेवा. डायरी किंवा घरातल्या कोणाला पत्रं लिहीत असाल तर रॉयल ब्लू वापरू नका.

पण म्हणून काजळाची शाई किंवा ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई फाउंटन पेनात भरू नका!!! ड्रॉइंगच्या शाईत लाख असते, काजळाच्या शाईत डिंक, एकदा निबखालच्या जिभेत वाळली की पेन संपलं. ब्रश आणि टाकासाठी आहे ती. फाउंटन पेनासाठी वेगळ्या बारीक कणांच्या कार्बन शाया मिळतात, प्लॅटिनम आणि सेलर या दोन्ही जपानी कंपन्यांच्या आहेत, पण त्याही भरून महिनाभर विसरून जायचं नाही.

हिरडा

नाव बघून कळलंच असेल, मी येणारच होतो :)

आमच्याकडं आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात हिरडा गोळा करतात, बाळहिरडा औषधाला जातो. त्या हिरड्यात टॅनिन भरपूर. हिरडा कुटून कढईत उकळायचा, गाळायचा, त्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकायचा. पहिल्यांदा टाकला तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी दोन सेकंदात काळंभोर. आई म्हणाली कढई परत स्वयंपाकघरात आणायची नाही. थोडा डिंक घातला की टाकानं लिहायला फर्स्टक्लास. लिहिताना राखाडी दिसते आणि हवा लागून तासाभरात काळी होत जाते, ते बघत बसायला मजा येते. युरोपात हेच मायफळापासनं (ओकच्या झाडावरच्या गाठी) करायचे, तत्त्व एकच.

ही पण पेनात भरू नका, आम्ल असते, स्टीलच्या निबा खाते. मी भरली होती. निब सोन्याची नव्हती आणि आता स्टीलची पण राहिली नाही.

टीपकागद

आले. मला कागदावर बोलायचंय कारण सगळे पेन-पेन करतात आणि निम्मा दोष कागदाचा असतो. शाई पसरून अक्षराला मुळ्या फुटणं, पाठीमागं उमटणं, आरपार जाणं, हे तिन्ही वेगवेगळे आजार आहेत. लोक विचारतात किती जीएसएम. जीएसएम म्हणजे नुसतं चौरस मीटरमागं किती ग्रॅम ते वजन हो! टोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचा, फुंकर मारली तर उडेल असा, पण शाई त्याच्यावर बसून राहते, रंगाच्या छटा दिसतात, फक्त वाळायला जन्म लागतो. उलट शंभर जीएसएमचा फुगीर कागद घ्या, टिपूस पडला की बशीएवढा डाग. कागदाला खळ कशी दिलीये, पृष्ठभाग कसा घोटलाय त्यावर सगळं आहे.

खळ आणि घोटणं हे आपल्याकडं लोकांना चांगलं माहीत होतं. वेरूळला जाताना दौलताबादच्या पुढं कागजीपुरा लागतो, तिथं शेकडो वर्षं हातकागद होतोय. जुने दौलताबादी कागद खळ देऊन दगडानं घोटलेले असायचे म्हणून बोरू वर घसरायचा आणि शाई आत शिरायची नाही. आजचा हातकागद बहुतेक ग्रीटिंग कार्ड आणि पिशव्यांसाठी बनतो, न घोटलेला, त्यावर शाईपेन चालवलं तर निबच्या चिरेत धागे अडकतात. मी हौसेनं हातकागदाची पाचशे रुपयांची डायरी घेतली, एका पानात पश्चात्ताप.

माझी रोजची पद्धत सांगते. दुकानात वही घ्यायच्या आधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या पेननं 'क्षत्रिय' लिहून बघते, दुकानदाराला विचारून. पसरलं नाही तर चार वह्या एकदम घेते, कारण त्याच कंपनीच्या पुढच्या गठ्ठ्यात कागद वेगळा निघतो, हा अनुभव कितीदा घेतलाय.

स्टुटगार्टची_सून

वाचतेय, मस्त चाललंय. इथं जर्मनीत पोरं प्राथमिक शाळेतच शाईपेनानं लिहायला लागतात. माझी मुलगी तिसरीत आहे, दप्तरात पेलिकनचं पेन, निळ्या शाईची काडतुसं आणि एक शाई-पुसणी, दोन टोकांची. एका टोकानं निळी शाई अदृश्य होते आणि दुसऱ्या टोकानं त्यावर दुरुस्ती लिहायची, कारण पुसलेल्या जागेवर साधी निळी शाई परत उमटत नाही. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आजी म्हणे जादू आहे का काय.

आणि विमानात पेन नेणाऱ्यांनो, एक तर पूर्ण भरलेलं न्या नाहीतर रिकामं, आणि निब वर. अर्धं भरलेलं असेल तर आतली हवा वरच्या कमी दाबात फुगते आणि शाई बाहेर ढकलते. माझा पांढरा कुर्ता मुंबई विमानतळावर निळा उतरला.

वर्धेकर

विषय निघालाच आहे तर आमच्या वर्धेचा पण पेनाशी संबंध आहे. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम नावाची पेनं बनतात, १९३२ पासून. गांधीजींनी पूर्ण स्वदेशी काहीतरी करा म्हटलं आणि तिथल्या कारागिरानं पेन केलं, गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते ते गांधीजींकडं पोचलं. गांधीजींनी वापरून बघून जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहिलं, की बाजारातल्या विदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे. बंगालमध्ये १९३४ ला सुरू झालेली सुलेखा शाई पण त्याच स्वदेशीच्या वातावरणातली. मधे बरीच वर्षं बंद होती, आता परत मिळते.

माझ्याकडं एबोनाइटचा हातानं घडवलेला पेन आहे, ड्रॉपरनं शाई थेट पोटात भरायचा. दोन महिने शाई पुरते.

दौतवाला

'चा पेन'? ते पेन हो वर्धेकर, ते पेन!

वर्धेकर

आमच्याकडं तो पेन. हरवला पेन, सापडला पेन.

नाशिकचा_नाना

ती पेन म्हणणारे पण बघितलेत मी. आता यावर दोनशे प्रतिसाद होणार, मी शेंगदाणे घेऊन येतो.

निवृत्त_कारकून

आम्ही 'झरणी' लिहीत असू, ती झरणी. वाद मिटला.

खिडकीपाशी

नमस्कार, मी नवीन आहे. वर एबोनाइटचा विषय निघाला म्हणून विचारते. आजोबांचं एक काळं पेन सापडलंय, ते तलाठी होते. टोपण निघतं पण पुढचा भाग पोटापासून सुटत नाही, आत शाई वाळलेली असावी. रंग काळ्याचा थोडा शेवाळी झालाय. घासलं की रबरासारखा वास येतो. भाऊ म्हणाला गरम पाण्यात टाक, पक्कड लाव. लावू का?

बोरूबहाद्दर

पक्कड नको!!! भावाला पेनापासनं लांब ठेवा.

वर्धेकर

ताई, वास येतोय म्हणजे एबोनाइटच आहे, रबर आणि गंधकाचं केलेलं असतं. शेवाळी रंग उन्हानं आणि हवेनं येतो, त्यात बिघाड काही नाही. गरम पाण्यात अजिबात टाकू नका, आणि अख्खं पेन साध्या पाण्यात पण बुडवू नका, जुनं एबोनाइट पाण्यात आणखी तपकिरी पडतं. वाटीत एवढंच पाणी घ्या की फक्त निब बुडेल. रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चालेल. स्पिरिट वगैरे नको. मग सुकवून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन्ही बाजूंना गुंडाळा, त्यानं पकड येते, आणि हळू फिरवा. नाही हललं तर परत भिजवा. जोर लावला की एबोनाइट काचेसारखं तुटतं.

आणि सुटलं तर आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको. नाहीतर ड्रॉपरवालं पेन आट्यांतनं पाझरतं.

बोरूबहाद्दर

आणि शाई पाव हिस्सा उरली की परत भरायची. पोट रिकामं असलं की आत हवा जास्त, हाताच्या उबेनं ती फुगते आणि कागदावर टपकन थेंब. आजोबांच्या पेनांवर लोक म्हणतात खराब झालं, ते खराब नसतं, उपाशी असतं.

दौतवाला

दरम्यान मी रिपोर्ट देतो. मोडीवाल्यांची आधी-रेघ पद्धत चार दिवस करून बघितली. पहिल्या दिवशी रेघ एवढी लांब झाली की वाक्य संपलं तरी रेघ शिल्लक, मग ती भरायला उगाच 'इत्यादी इत्यादी' लिहिलं. कारकून काकांची ओळ पुरी झाल्यावर रेघ मारायची पद्धत मला जास्त जमली. आणि हो, बोरूबहाद्दर, तुम्ही म्हणालात तसं कोऱ्या कागदावर खाली दहा एमएमच्या रेघांचं पान ठेवून तीच सफारी, तीच मीडियम निब चालवली. 'उद्ध्वस्त' वाचता आलं. शब्द मागं घेतो, पण अर्धाच. फुलस्केपावर मी फाइनच वापरणार.

बोरूबहाद्दर

अर्धा तर अर्धा. आर्किटेक्ट ग्राइंड करून घ्या, उरलेला अर्धा पण घ्याल.

दौतवाला

अठरावं पेन म्हणजे मला घराबाहेर झोपायची तयारी ठेवायला लागेल.

टीपकागद

सतरापैकी एकाचीच निब घासून घ्या ना, आकडा तोच राहतो.

दौतवाला

ताई, तुम्ही देवमाणूस आहात.

खिडकीपाशी

अपडेट. तीन रात्री भिजवलं. पहिल्या दिवशी पाणी निळं झालं, दुसऱ्या दिवशी त्याहून निळं, आईला बोलावून दाखवलं, ती बराच वेळ वाटी हातात घेऊन उभी होती, म्हणाली सातबाऱ्याची शाई आहे. चौथ्या दिवशी ट्यूब गुंडाळून फिरवलं तर सहज सुटलं, मलाच विश्वास बसेना. आत निबखालच्या जिभेच्या खाचांत वाळलेली पापडी होती, मऊ टूथब्रशनं काढली. निबवर नाव काही वाचता येत नाही. रॉयल ब्लू नको असं वर कोणीतरी सांगितलंय पण घरात तीच होती, तीच भरली.

लिहितं! थोडं खरखरतं डाव्या बाजूला, आजोबा पेन कलतं धरायचे असं आई म्हणते, म्हणून असेल का? मी सरळ धरलं की अडतं आणि त्यांच्यासारखं धरलं की चालतं.

वर्धेकर

त्यांच्या हातानं टोक तेवढ्याच बाजूनं झिजलंय. घासून सरळ करता येईल पण घाई करू नका.

निवृत्त_कारकून

नका घासू. हात वळवा.

खिडकीपाशी

वळवतेय. ग्रीस मात्र आणलं नव्हतं, त्यामुळं आत्ता दोन बोटं आणि सोफ्याचं कव्हर निळं आहे. सोफ्याचं काही करता येईल का?

नाशिकचा_नाना

सोफा कुठल्या रंगाचा आहे?

खिडकीपाशी

पिवळा.

नाशिकचा_नाना

मग हिरवा होईल, काळजी नको.

टीपकागद

नानांकडं लक्ष देऊ नका. रॉयल ब्लू भरलीत हे नशीब समजा, धुता येणारी आहे. चोळू नका, आधी कोरडा टीपकागद दाबा, मग गार पाणी, परत टीपकागद, असं सात-आठ वेळा. आणि त्या पेनानं लिहिलेल्या पानाचा फोटो टाका.

खिडकीपाशी

टाकते उद्या. आता पेन आईकडं आहे, देत नाहीये.